वेबसाइटचे किती घ्यायचे? नव्या वेब डिझायनरसाठी दर ठरवण्याची रीत

"वेबसाइट करायचीय, किती घ्याल?" हा प्रश्न बहुतेक वेळा फोनवर येतो आणि विचारणाऱ्याला आकडा तिथल्या तिथे हवा असतो. नवा डिझायनर "पाच पानांचे दहा हजार" असं बोलून मोकळा होतो. काम सुरू झालं की एकेक गोष्ट बाहेर येते. पाच पानांपैकी एक पान म्हणजे अख्खं ऑनलाइन दुकान असतं, मजकूर कुणी लिहायचा ते ठरलेलं नसतं आणि फोटो सगळे व्हॉट्सअॅपवरून आलेले, धूसर असतात.

म्हणून पानं मोजून दर सांगणं पहिल्या दिवसापासून टाळा. दर निघतो तुमच्या तासांतून, आणि टिकतो तो तुम्ही काय करणार नाही हे आधीच लिहून दिल्यामुळे. पुढची सगळी रीत या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी बाजाराबद्दल थोडं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर अशा शहरांत वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या चार-पाच पानांच्या साध्या साइटसाठी कुणी आठ हजार सांगतो, कुणी चाळीस हजार. ऑनलाइन दुकानासाठी तीस हजारांपासून लाखाच्या पुढचे आकडे ऐकू येतात. नवा माणूस हे ऐकून गोंधळतो. पण हे दोघं एकच काम विकत नसतात. आठ हजारवाला तयार थीम (साइटच्या रूपाचा साचा) चढवून लोगो बदलून देतो. चाळीस हजारवाला ग्राहकाशी बसून बोलतो, मांडणी आखतो, मजकूर नीट करतो, मोबाइलवर तपासतो आणि नंतर फोन उचलतो. दुसऱ्याचा आकडा ऐकून आपला ठरवू नका. तुमचं घरभाडं तो भरत नाही.

पहिली पायरी: आपल्या तासाची किंमत काढा

कागद घ्या आणि वर्षाचा हिशोब मांडा. समजा, तुम्ही कोल्हापुरात राहता आणि घरखर्चाला महिन्याला २५,००० रुपये लागतात. वर्षाचे ३ लाख झाले. आता धंद्याचा खर्च. साठ हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १५,०००. इंटरनेट ९,६००. वीज आणि इन्व्हर्टर १२,०००. सॉफ्टवेअर आणि सशुल्क प्लगिन (साइटला जादा सोयी जोडणारे भाग) १८,०००. आरोग्य विमा १२,०००. सीएची फी ६,०००. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचा व्यवसाय कर २,५००. ही बेरीज ७५,१०० होते. त्यात आजारपण, मंदीचे महिने, प्राप्तिकर आणि बचत यांसाठी ६०,००० धरा. एकूण ४,३५,१००.

आता तास. इथेच बहुतेक जण फसतात, कारण ते दिवसाचे आठ तास धरतात. गणपती, दिवाळी, लग्नकार्यं आणि दुखणीखुपणी वजा केली तर वर्षात कामाचे ४६ आठवडे उरतात. त्या आठवड्यातही अर्धा वेळ ग्राहक शोधण्यात, फोनवर, कोटेशन करण्यात आणि नवीन शिकण्यात जातो. ज्याचे पैसे लावता येतात असे तास आठवड्याला साधारण २०. म्हणजे वर्षाला ९२०.

४,३५,१०० भागिले ९२० म्हणजे सुमारे ४७३ रुपये. गोल करून ५०० धरू. हा तुमचा तळाचा दर आहे. यापेक्षा कमी घेतलं तर काम भरपूर असूनही वर्षाअखेरीस तुम्ही तोट्यात असाल. मुंबईत खोलीभाडं भरणाऱ्याचा तळ याहून वर असेल, घरच्यांसोबत राहणाऱ्याचा खाली. पण राहण्याचा खर्च नाही म्हणून दर पाडू नका. उद्या वेगळं बिऱ्हाड करायची वेळ आली तर जुन्या ग्राहकांसाठी दर एकदम दुप्पट करता येत नाही.

दुसरी पायरी: आकडा सांगण्याआधी विचारा

एक उदाहरण पूर्ण घेऊ. रत्नागिरीजवळच्या एका बागायतदाराला हापूस थेट ग्राहकाला विकायचा आहे. तो म्हणतो, "साधीच वेबसाइट हवी. फोटो, भाव, आणि लोकांनी ऑर्डर द्यायची." ऐकायला खरंच साधं वाटतं.

त्याला विचारा: आंबा कुठे कुठे पाठवणार? मुंबई-पुण्याला स्वतःच्या टेम्पोने आणि बाकी शहरांत कुरिअरने पाठवणार असेल, तर पिनकोडनुसार वेगवेगळा वाहतूक खर्च दाखवावा लागेल. भाव हंगामभर एकच राहणार का? राहत नाही. मार्चमध्ये डझनाचा भाव चढा असतो आणि मेमध्ये उतरतो. म्हणजे त्याला स्वतःला, बागेत उभं राहून मोबाइलवरून भाव बदलता आला पाहिजे, आणि ते त्याला शिकवायला वेळ लागेल. माल संपला तर साइटवर ऑर्डर थांबली पाहिजे. फळ खराब निघालं तर पैसे परत करणार की दुसरा बॉक्स देणार? हे त्याने ठरवलेलं नसेल, पण साइटवर लिहावं तर लागणारच. कारण ऑनलाइन पेमेंट सुरू करताना गेटवे कंपन्या (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे विक्रेत्याच्या खात्यात पोचवणाऱ्या) परतावा, वाहतूक, गोपनीयता आणि अटी यांची पानं साइटवर आहेत का हे तपासतात आणि त्याशिवाय खातं चालू करत नाहीत. ही चार पानं कुणाच्याही "पाच पानांत" मोजलेली नसतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्याच मालाला लावता येणारी ओळख) मिळालं. ते चिन्ह साइटवर टाकायचं असेल तर बागायतदार नोंदणीकृत वापरकर्ता आहे का ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

मग विचारा, साइट कधी हवी? उत्तर येईल, "गुढीपाडव्याला सुरू करू." मुहूर्त महत्त्वाचा आहे, आणि इथे तो धंद्याचाही आहे, कारण पाडव्याच्या सुमारास मागणी वाढते. पण गेटवेचं खातं मंजूर व्हायला दिवस जातात, कागदपत्रात नाव जुळलं नाही तर आणखी जातात. म्हणून जानेवारीअखेर काम सुरू झालंच पाहिजे, असं तेव्हाच सांगा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन पाडव्याचा आग्रह धरणाऱ्याला रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसे लावा. पंचवीस टक्के जादा लावणं मला रास्त वाटतं.

मजकुराचा प्रश्न मराठी साइटसाठी स्वतंत्रपणे विचारावा. ग्राहकाकडे जुनं माहितीपत्रक असतं आणि तो म्हणतो, "सगळा मजकूर टाइप केलेला आहे, फक्त चिकटवायचा." ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असली तर साइटवर चिकटवल्यावर निव्वळ अगम्य चिन्हं दिसतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलावा लागतो. बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि इकार जागोजागी तुटतात, त्यामुळे ओळ न् ओळ वाचून दुरुस्ती करावी लागते. शाळा, पतसंस्था आणि सार्वजनिक वाचनालयं यांच्या कामात हा प्रकार हमखास भेटतो. फाइल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दर सांगू नका. फॉन्टचा मात्र खर्च नाही: मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे चांगले फॉन्ट मोफत परवान्याने मिळतात.

तिसरी पायरी: तास मांडा

आता हापूसच्या साइटचे तास लिहू.

बोलणं, आराखडा, मजकुराची यादी: ६
फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मुखपृष्ठ आणि उत्पादनाच्या पानाची रचना: १२
वर्डप्रेसवर साइट उभी करणं: २०
दुकान, पिनकोडनुसार वाहतूक, पेमेंट जोडणी: १८
मराठी-इंग्रजी मजकूर भरणं, फोटो नीट करणं: १०
वेगवेगळ्या मोबाइलवर तपासणी: ६
बदलांच्या दोन फेऱ्या: ८
शिकवणं आणि साइट हवाली करणं: ४

एकूण ८४ तास. ५०० रुपयांनी ४२,००० होतात. नवख्याचा अंदाज नेहमी कमीच पडतो, म्हणून त्यावर २० टक्के ठेवा: ८,४००. बेरीज ५०,४००. कोटेशन ५०,००० चं द्या.

ग्राहकाला तासांचा तक्ता दाखवायची गरज नाही. त्याला एकच आकडा आणि त्यात येणाऱ्या कामांची यादी द्या. तास दाखवले की प्रत्येक ओळीवर घासाघीस होते: "तपासायला सहा तास कशाला?" तक्ता तुमच्याकडे ठेवा आणि काम करताना प्रत्यक्ष किती वेळ गेला तेही त्याच्या शेजारी लिहीत जा. दोन-चार कामांनंतर अंदाज कुठे चुकतो ते आपोआप दिसायला लागतं. बहुतेकांचा तो मजकुरात आणि बदलांच्या फेऱ्यांत चुकतो, कोडमध्ये नाही.

चौथी पायरी: डोमेन आणि होस्टिंग वेगळं ठेवा

डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवण्याची भाड्याची जागा), सशुल्क थीम आणि प्लगिन यांचा खर्च ग्राहकाचा, आणि तो त्याच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डने झाला पाहिजे. तुम्ही शेजारी बसून खरेदी करून द्या. डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन नंतर ग्राहकाला अडवणारे डिझायनर आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यामुळे सगळ्या व्यवसायावरचा विश्वास उडतो. हे कधीही करू नका, पैसे अडकलेले असले तरी करू नका.

होस्टिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगा: पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो आणि नूतनीकरणाला तो बराच चढतो. दुसऱ्या वर्षी बिल आलं की ग्राहक तुम्हालाच फोन करतो. नूतनीकरणाचा दर कोटेशनमध्ये लिहिलेला असेल तर तो फोन शांतपणे संपतो. साइटच्या पत्त्याआधी https आणणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे लावू नका. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र मोफत आहे आणि बऱ्याच होस्टिंगमध्ये ते एका बटणावर चालू होतं. पेमेंट गेटवे दर व्यवहाराला साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर जीएसटी कापतं, हेही बागायतदाराला आधी कळलं पाहिजे. १,२०० रुपयांच्या बॉक्समागे ते २८ रुपयांच्या आसपास जातात, आणि त्याला भाव ठरवताना ते धरावे लागतील.

पाचवी पायरी: कोटेशन लिहा

दोन पानं पुरतात, पण ती मराठीत आणि स्पष्ट लिहा. काय मिळेल ते सगळेच लिहितात. काय मिळणार नाही ते लिहायला नवा माणूस संकोचतो, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. हापूसच्या कामासाठी मी अशा ओळी लिहीन:

"मजकूर आणि फोटो ग्राहकाने द्यायचे. सगळा मजकूर एकत्र मिळाल्यावर कामाचे दिवस मोजले जातील. रचनेत बदलांच्या दोन फेऱ्या समाविष्ट आहेत. पुढच्या प्रत्येक तासाला ५०० रुपये. लोगो, छायाचित्रण, भाषांतर, गूगल किंवा फेसबुकवरची जाहिरात आणि कुरिअर कंपनीच्या यंत्रणेशी जोडणी यात समाविष्ट नाही. मजकुराअभावी काम ३० दिवस थांबलं तर तोवरच्या कामाचं बिल द्यावं लागेल. हे कोटेशन १५ दिवस लागू राहील."

"मजकूर एकत्र मिळाल्यावर" हे शब्द सोडू नका. निम्मं काम करून महिनोन्‌महिने "आमच्याबद्दल"च्या चार ओळींची वाट पाहणं हा या व्यवसायातला सगळ्यात मोठा छुपा तोटा आहे.

मालकी हक्काची ओळही हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा ते करणाराच असतो आणि हस्तांतर लेखी असावं लागतं. "पूर्ण रक्कम मिळाल्यावर या रचनेचे हक्क कायमस्वरूपी ग्राहकाकडे जातील" असं लिहा. "कायमस्वरूपी" यासाठी की मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

कोटेशनवर सही घ्या. सही होत नसेल तर ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर "मान्य आहे" एवढं तरी घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर नक्की घ्या, कारण तिथे नंतर आठवण करून देणं जास्त अवघड जातं.

सहावी पायरी: घासाघीस झाली तर काम कापा, दर नाही

"पन्नास फार होतात हो. माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो, तो म्हणतो पंधरात होईल." हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. भाच्याबद्दल काहीही बोलू नका. बजेट विचारा. समजा, उत्तर आलं पंचवीस हजार.

पन्नासाचं काम पंचवीसमध्ये करायला तयार झालात तर दोन गोष्टी होतात: आधीचा आकडा फुगवलेला होता असं त्याला वाटतं, आणि अर्ध्या पैशात पूर्ण काम करताना तुमचा हात ढिला पडतो. त्याऐवजी पंचवीसमध्ये बसेल असं काम मांडा. ऑनलाइन पेमेंट आणि कार्ट यंदा नको. चार पानं, भावाचा एक तक्ता, "व्हॉट्सअॅपवर ऑर्डर द्या" असं बटण आणि त्याचा यूपीआय क्यूआर कोड. साधारण ४० तासांचं काम: २०,००० अधिक २० टक्के, म्हणजे २४,०००. पहिल्या हंगामात शे-दोनशे बॉक्स विकायचे असतील तर हेच त्याच्यासाठी जास्त शहाणपणाचं आहे, आणि ते त्याला मोकळेपणाने सांगा. पुढच्या वर्षी दुकान जोडायला तो तुमच्याकडेच येईल.

सवलत द्यायचीच असेल, उदाहरणार्थ गावच्या वाचनालयाला किंवा ओळखीच्या बचत गटाला, तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून सवलत वेगळ्या ओळीत दाखवा. पूर्ण फुकट करायचं असेल तरी तसंच बिल द्या. पुढचा माणूस "त्यांना तर दहात करून दिलंत" म्हणत येतो, तेव्हा तुमच्याकडे उत्तर असतं.

"आधी एक डिझाइन दाखवा, आवडलं तर पुढे जाऊ" या मागणीला नकार द्या. आधी केलेली कामं दाखवा. तीही नसतील तर स्वतःच्या आवडीचा विषय घेऊन, म्हणजे तुमच्या तालुक्यातला किल्ला किंवा एखादी काल्पनिक खानावळ, दोन-तीन साइट करून ठेवा.

सातवी पायरी: पैसे टप्प्याने घ्या

४०-३०-३० ही विभागणी सोयीची पडते. पन्नासापैकी २०,००० आगाऊ, रचना मान्य होऊन साइट तात्पुरत्या पत्त्यावर दिसायला लागली की १५,०००, आणि साइट खुली होण्याआधी उरलेले १५,०००. शेवटचा हप्ता साइट खुली झाल्यावर घ्यायचं कबूल करू नका. बागायतदार म्हणेल, "हंगाम झाला की एकदम देतो." त्याची अडचण खरी आहे, पैसा आंब्यानंतरच हातात येतो. पण कोकणातला पाऊस, वारा आणि तुडतुडे (आंब्यावरची कीड) यांचा धोका तुम्ही अंगावर घेऊ शकत नाही. त्याला छोटं काम सुचवा.

कंपन्यांकडून पैसे थकतात तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, कामाला येते. ती मोफत आहे, सरकारी पोर्टलवर आधारने होते. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी दलालांची असतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटूनही वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणूनही कंपनीला दाखवता येत नाही. त्यामुळे उद्यम क्रमांक बिलावर छापा. मार्चमध्ये कंपनीचे अकाउंटंट स्वतःहून अशी बिलं शोधतात. नोंदणी काम घेण्याआधी करा.

आठवी पायरी: कर

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के: पन्नासाचं बिल ५९,००० होतं. कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" किंवा "जीएसटी लागू नाही" यांपैकी एक लिहाच.

कंपनी ग्राहक असेल तर ती टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापते. व्यावसायिक फीवर तो १० टक्के असतो. काही कंपन्या हेच काम तांत्रिक सेवा धरून २ टक्के कापतात. कापण्याची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार झाली. ८०,००० च्या बिलाचे ७२,००० खात्यात आले म्हणून घाबरू नका. ते ८,००० तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. जमा झाले की नाही ते प्राप्तिकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक करनोंदीत (२६एएस) पाहा.

परदेशी ग्राहक मिळाला तर दर तिथल्या बाजाराकडे बघून ठरवा, आपल्या घरभाड्याकडे बघून नाही. फाइव्हरसारख्या, ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या मंचावर विक्रेत्याच्या कमाईतले २० टक्के कापले जातात, म्हणजे १०० डॉलरचे ८० हातात येतात. बँकेच्या रूपांतराचा खर्च त्यावर आणखी.

नववी पायरी: वार्षिक देखभाल आणि दरवाढ

साइट हवाली झाली की नाव टिकवण्याचं काम सुरू होतं. वर्डप्रेस आणि प्लगिन अद्ययावत ठेवणं, बॅकअप घेणं, फॉर्म चालतात का बघणं, डोमेनची मुदत लक्षात ठेवणं. एएमसी (वार्षिक देखभाल करार) म्हणून हे वेगळं विका. महिन्याला दोन तास धरले तर वर्षाला २४ तास, १२,००० रुपये. उरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत, असं लिहा. हापूसच्या ग्राहकासाठी मी वेगळी विभागणी करेन: मार्च ते मे महिन्याला पाच तास आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून नऊ. पैसे तेवढेच, पण त्याला गरज असते तेव्हा तुम्ही हजर असता.

असे आठ-दहा ग्राहक जमले की घरभाडं आणि वीजबिल त्यातूनच निघतं, आणि मग नको ते काम नाकारायची ताकद येते. नव्या माणसाने पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं असं मला वाटतं.

दर कधी वाढवायचा? लागोपाठ तीन-चार ग्राहक आकडा ऐकून लगेच हो म्हणाले, तर पुढच्या कोटेशनमध्ये वाढवा. जुन्या ग्राहकांसाठी वर्षातून एकदाच, आणि आधी कळवून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचं पत्र पुरतं: १ एप्रिलपासून तासाचा दर ५५० रुपये राहील, आधी मान्य झालेली कामं जुन्या दरानेच पूर्ण होतील.